तांबडं पेन

१

बॉलपेन वापरलं की मुलींचं अक्षर बिघडतं, असं त्या काळी सगळ्या शिक्षकांचं ठाम मत होतं. अक्षर मुळात कुठं धड होतं, हे कुणी विचारत नसे. दिसलं बॉलपेन की जप्त. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलात ही जप्त पेनं ठेवायला बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आणि दिवाळीच्या सुट्टीआधी तो कचऱ्यात उपडा करायचं काम चित्रकलेच्या बाईंकडं असे. चित्रकलेच्या बाईंना दुसरं काम तरी काय असतं, हेही सगळ्यांचं ठाम मतच होतं.

या बाई म्हणजे कुमुदिनी हेर्लेकर. त्या वर्षी तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि तिचा हात आखडला. निळी, हिरवी, काळी, तांबडी पेनं. काहींची टोपणं मुलींनी चावून चपटी केलेली. जलरंगांच्या पेट्यांना कंटाळलेल्या बाईला त्या फुकटच्या रंगांचा मोह पडला. तिनं डबा पिशवीत घातला आणि सरळ घरी आणला. चोरी म्हणा हवी तर.

घर शिवाजी पेठेत, तानाबाईच्या माडीवरच्या दोन खोल्या. समोर तालीम. दिवस उगवायच्या आधीपासून पोरांचे शड्डू ऐकू यायचे. सुट्टीत नवरा कामावर गेला की कुमुदिनी खिडकीपाशी पाट टाकून बसायची आणि रेघोट्या ओढायची. बॉलपेनाला खोडरबर चालत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी आवडलं. पडली रेघ ती पडली. निळ्यावर हिरव्या तिरक्या रेघा ओढल्या की सावली पडायची, हिरव्यावर तांबडं चढवलं की मातीचा रंग यायचा. दोन रंगांची पेनं एकत्र धरून ती पदराचे काठ एका दमात ओढायची. इतकी मजा तिला जलरंगांनी कधी दिली नव्हती.

दारात येईल त्या बाईला ती समोर बसवायची. तिची एक सवय होती. कपाळ कोरं ठेवायचं. केस, नथ, बांगड्या, काठ सगळं झालं की शेवटी तांबडं पेन उचलायचं आणि कुंकू टेकवायचं. बिनकुंकवाचं चित्र घरात ठेवू नये, असं तिची आई माई लहानपणी सांगायची. माईचं बाकीचं सांगणं कुमुदिनी कधीच विसरली होती. हे मात्र हाताला लागून राहिलं होतं.

२

धोंडुबाई सोमवारची यायची. पेठ वडगावच्या अलीकडच्या एका खेड्यातून पहिल्या एस्टीनं डोईवर दह्याचं मडकं घेऊन. तिचा नवरा जोतीराम गुऱ्हाळावर गुळव्या होता, आणि त्याच्या हातच्या गुळाचं कौतुक सांगताना धोंडुबाई दही विकायचं विसरायची.

"काढा की बाई बिगी बिगी. दही आंबंल माजं," म्हणत ती त्या सोमवारी ऐसपैस बसली.

चित्र झकास जमलं. कपाळावरचं गोंदण हिरव्यानं, चोळी निळ्या पेनानं. कुमुदिनीनं तांबडं पेन उचललं, टेकवलं, गोल फिरवलं. कागदावर नुसता खळगा पडला. रंग नाही.

तिनं कोपऱ्यात रेघ ओढून पाहिली. लख्ख तांबडी. पुन्हा कपाळावर टेकवलं, पुन्हा नुसता खळगा. चपलेच्या रबरी तळव्यावर रिफिलीचं टोक घासलं, काडी पेटवून टोक ऊन केलं. कोपऱ्यात उठतंय, कपाळावर नाही.

"कुंकू ऱ्हायलं की वो माजं," धोंडुबाई कागदात डोकावून म्हणाली.

"रिफिलच खराब आहे. पुढच्या सोमवारी लावते तुझं कुंकू."

पुढच्या सोमवारी धोंडुबाई आली नाही. कुमुदिनी पाणी भरायला खाली गेली तेव्हा घरमालकीण तानाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तानाबाईचा उंबरा म्हणजे गल्लीचा नाका. तिच्या नजरेतून मांजरही सुटायचं नाही.

"दही कुठलं आता? धोंडुबाईचा मालक गेला की."

"अगं बाई! कधी?"

"गेल्या सोमवारी, तांबडं फुटायच्या वक्ताला. चुलवाणापाशी बसल्या जाग्याला. ही हिकडं एस्टीत बसली आन् तिकडं त्यो गेला. सांगावा घिऊन मानूस निघाला, खरं तिला गाठंस्तवर दुपार झाली. तवर गावभर दही इकत फिरली बगा, कपाळभर कुंकू लावून."

कुमुदिनीच्या हातातली कळशी जड झाली. सोमवारी दहाच्या सुमाराला धोंडुबाई तिच्यासमोर बसून नवऱ्याच्या गुळाचं कौतुक सांगत होती. तेव्हा तो माणूस नव्हताच. हे धोंडुबाईला ठाऊक नव्हतं, तानाबाईला नव्हतं, इथं कुणालाच नव्हतं.

३

कुमुदिनी शिकलेली बाई होती. तिनं स्वतःला चांगलं फटकारलं. कागदाला दह्याचा हात लागला असेल. ओशट कागदावर बॉलपेन घसरतं, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं.

तरीही त्या दुपारी तिनं ट्रंकेतून माईचा जुना फोटो काढला. वडील हयात असतानाचा; माईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू. वडिलांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. तिनं कोऱ्या करकरीत कागदावर फोटो बघून माई काढली आणि तांबडं पेन टेकवलं.

खळगा.

ती तशीच खाली गेली, तानाबाईला उंबऱ्यातच बसवून भराभरा काढलं. तानाबाईचा नवरा हंबीरराव आतल्या खोलीत घोरत होता. तांबडं पेन टेकताक्षणी टपोरं कुंकू उठलं.

"ब्येस आलंय की," तानाबाई म्हणाली. "खरं तुमी अशा घामाघूम का झालाय?"

संध्याकाळी जिन्यावर करकर वाजलं आणि कुमुदिनीचा जीव भांड्यात पडला. तिचा नवरा त्र्यंबक मोजणी खात्यात होता. पायात नेहमी करकरणाऱ्या वहाणा, पुढं तांबडा गोंडा. ती करकर जिन्याच्या मध्यावर आली की कुमुदिनी चहाचं आधण ठेवायची. आत आला की तो आधी तिच्या कपाळाकडं बघायचा, एक डोळा मिटून, जमिनीची हद्द बघावी तसा, आणि म्हणायचा, "दोन सूत डावीकडं सरकलंय." मग वहाणा काढायचा. लग्न दोघांचंही उशिरा झालेलं. नातेवाइकांनी आशा सोडून दिल्यावर हा माणूस तिला मिळाला होता, आणि हा सोडून जगात तिला दुसरं कुणी नको होतं. मूल नव्हतं. त्याचंही तिला आता फारसं वाटत नसे.

तिनं सगळं सांगितलं. तो पोटभर हसला.

"रिफिलीला काय कळतंय कोण मेलं आणि कोण जगलं? आण तो आरसा. काढ स्वतःला, माझ्यासमोर."

तिनं आरशात बघत स्वतःला काढलं. शेवटी पेन उचललं. तांबडं टेकलं आणि कुंकू उठलं, गोल, गच्च, ओलं चकचकीत.

त्र्यंबकनं एक डोळा मिटला. "दोन सूत डावीकडं."

"आरशात बघून काढलंय."

"मग दोन सूत उजवीकडं."

ती खदखदून हसली. ते चित्र त्यानंच भिंतीला टाचलं. पेनांचा डबा मात्र तिनं फळीवर मागं सारला आणि त्याच्यापुढं पोह्यांचा डबा ठेवला.

४

भातं निघाली होती. त्र्यंबकला मोजणीसाठी आठवडाभर शाहूवाडीकडं जावं लागलं. शनिवारी सायंकाळच्या गाडीनं येतो म्हणाला. वहाणा करकरवत जिना उतरला, तानाबाईला "येतो" म्हणाला, आणि ती करकर गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येत राहिली.

शनिवारी दुपारी कुमुदिनी शाळेतून आली, तांदूळ धुतले, हात पुसत मागं वळली, तर तो खोलीत उभा होता.

"अगं बाई! केवढ्यानं दचकले मी. कधी आलात?"

"आत्ताच."

"वाजलं नाही जिन्यावर."

तिनं खाली बघितलं. तो अनवाणी होता. पाय ओले होते. दाराकडून त्याच्यापर्यंत शहाबादी फरशीवर ओल्या पावलांची रांग होती.

"वहाणा कुठायत?"

"डोहाच्या काठाला काढून ठेवल्या," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "विसरलो."

आता हे त्र्यंबकसारख्या माणसानं म्हणावं? पेन्सिलीचं टोक कुठं तासलं ते आठवणीत ठेवणारा माणूस. शाहूवाडीपासून कोल्हापूरपर्यंत एस्टीत अनवाणी आला? थंडीच्या दिवसांत, कोरड्या रस्त्यांवरून, पाय ओले राहिले? तिला काहीच सुधरेना. पण माणूस दमतो. दमला की विसरतो. पाय धुवून आला असेल खालच्या नळावर. तिनं फडकं घेऊन पावलं पुसून काढली.

"जेवता ना?"

"भूक नाही."

"पिशवी, छत्री?"

"आकाराम आणेल."

आकाराम म्हणजे मोजणीची साखळी ओढणारा गडी, नेहमी त्याच्याबरोबर असायचा. तिला पटलं. तो आतल्या खोलीत जाऊन खिडकीपाशी खुर्चीत बसला, उजेडाकडं पाठ करून. मग तिच्या लक्षात आलं की आल्यापासून त्यानं तिच्या कपाळाकडं बघितलेलं नाही.

पाणी आणायला खाली गेली तेव्हा ती तानाबाईला म्हणाली, "आले आमचे साहेब. लवकरच आले."

तानाबाईच्या हातातलं सूप थांबलं. "कवा? मी दुपारधरनं हितंच बसलोय की."

"तुम्हाला डुलकी लागली असेल."

"मला? दिसाउजेडी?" तानाबाई दुखावल्यासारखी म्हणाली. "असंल बा."

कुमुदिनी जिना चढताना मुद्दाम पाय आपटत चढली. तिला कसलातरी आवाज हवा होता. फरशीवर, ती आत्ताच पुसून गेली होती तिथं, पावलं पुन्हा ओली दिसत होती.

५

रविवारी सकाळी तिनं त्याला चहा नेऊन दिला. तो त्याच खुर्चीत होता, समोर वर्तमानपत्र उघडून. ती विचारी, तो उत्तर देई. आवाज त्याचाच होता, शब्द त्याचेच. भाताचं पीक कसं होतं म्हटलं तर "बरं होतं" म्हणाला. ताप आहे का म्हटलं तर "नाही" म्हणाला. ती हात लावून बघणार होती, पण लावला नाही. का नाही लावला, हे तिला स्वतःलाच कळलं नाही, आणि त्याची तिला लाज वाटली. आपल्या माणसाला हात लावायला बाई कचरते? कशापायी?

स्वयंपाकघरात येऊन ती नुसती उभी राहिली. समोरच्या तालमीतसुद्धा आज आवाज नव्हता. भिंतीवर तिचं चित्र होतं, दोन सूत उजवीकडं कुंकू असलेलं. ते बघून तिला एकदम धीर आला. एवढंच तर करायचं. पुन्हा एकदा काढायचं. कुंकू उठलं की संपलं; मग पोटभर हसायचं आणि डबा खरोखरच कचऱ्यात उपडा करायचा.

तिनं पोह्यांचा डबा सरकवला. आरसा भिंतीला टेकवला. निळ्यानं चेहरा, काळ्यानं केस, हिरव्यानं पातळाचे काठ. हात सराईतपणे चालला. मागच्या खोलीतून वर्तमानपत्राची सळसळ येत होती, आणि ती सळसळ आहे तोवर सगळं ठीक आहे, असं ती मनाशी घोकत होती.

तांबडं पेन टेकवलं. गोल फिरवलं.

खळगा.

कोपऱ्यात रेघ ओढली. लख्ख तांबडी. पुन्हा कपाळावर. दाबून, रगडून. कागद फाटायला आला तरी रंग उठेना.

आणि गंमत अशी की तिला पहिल्यांदा वाटली ती सुटका. अगदी आतून हसू आलं. ठरलं तर! पेन खोटं! माझा नवरा इथं पलीकडच्या खोलीत बसलाय, पेपर वाचतोय, मग हे पेन खोटं नाही तर काय? धोंडुबाईचं दही आणि माईचा जुना फोटो, सगळा योगायोग. उगाच जिवाला घोर लावून घेतला.

हसतच ती आतल्या दारात गेली.

"अहो, इकडं बघा जरा. माझं कुंकू मधोमध आहे का?"

वर्तमानपत्र खाली आलं. उजेड पाठीमागं होता, चेहरा नीट दिसत नव्हता. तो तिच्या कपाळाकडं बघत राहिला. दोन्ही डोळ्यांनी. खूप वेळ.

"कुठं आहे?" त्यानं विचारलं.

थट्टा नव्हती. एखादा माणूस हरवलेली वस्तू मनापासून शोधतो, तसा त्याचा आवाज होता.

"असं काय करता? हे काय," ती म्हणाली.

"मला दिसत नाही, कुमुद," तो म्हणाला, आणि बिचाऱ्यासारखा बघत राहिला.

तिनं कपाळाला बोट लावलं. बोटाला तांबडं लागलं. कुंकू होतं. सकाळी मेण लावून तिनं स्वतःच्या हातानं लावलेलं कुंकू होतं. तिनं ते बोट त्याच्यासमोर धरलं, पण तो कपाळाकडंच बघत होता.

६

तेवढ्यात बाहेर जिन्यावर पावलं वाजली. जड, अडखळत येणारी. मध्यावर थांबली. पुन्हा निघाली.

कडी वाजली.

कुमुदिनी दाराशी गेली, पण तिनं कडी काढली नाही. दाराच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती, तिला डोळा लावला. बाहेर आकाराम उभा होता. डोक्याचा पटका काढून हातात घेतलेला. एका खांद्याला त्र्यंबकची पिशवी, काखेत छत्री. दुसऱ्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि कागदाच्या तोंडातून एक तांबडा गोंडा बाहेर आला होता.

"वैनी," आकाराम म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "मी आकाराम. दार उगडा की जरा."

तिनं कडी घट्ट धरून ठेवली.

"वैनी, हायसा का घरात? सायबांचं... दार उगडा की वो. असं भाईरनं सांगाय येत न्हाय मला."

"कोण आलंय गं?" मागून आतल्या खोलीतून त्र्यंबक म्हणाला.

तिनं फटीतून आकारामकडं बघितलं. तो मान खाली घालून उभा होता. त्यानं ऐकलं की नाही, तिला कळेना. ऐकलं असतं तर मान वर केली असती. की ऐकलं म्हणूनच खाली घातली? तिला काहीच कळेना. एक गोष्ट मात्र लख्ख कळत होती. दाराची कडी काढली की आकाराम बोलणार, आणि तो बोलला की मग आतल्या खुर्चीत कुणी नसणार. धोंडुबाईला दुपारपर्यंतचा वेळ मिळाला होता. अजून दुपार व्हायची होती.

"साहेब झोपलेत," ती दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली. "उद्या ये."

आकाराम हळूच म्हणाला, "वैनी... काय म्हंतासा हे?"

"दमून आलेत. उठवू नकोस त्यांना. उद्या ये आकाराम. पाया पडते तुझ्या, उद्या ये."

फटीतून तिला दिसलं, तो जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. गुंडाळी त्यानं शेजारी ठेवली, आणि पटका तोंडाला लावला. खालून तानाबाईचा आवाज आला, "कोन हाय वर? काय झालं?"

"कोण होतं?" आतून पुन्हा आवाज आला.

"कुणी नाही," कुमुदिनी म्हणाली.

तिनं दोघांपुरतं आधण ठेवलं. साखर घातली, आलं किसून घातलं. कपाळावरचं कुंकू बोटानं चाचपून घेतलं. गाळलेला चहा दोन कपांत ओतला आणि मान वर न करता ती आतल्या खोलीत गेली. खुर्चीशेजारच्या स्टुलावर सकाळचा कप तसाच काठोकाठ भरलेला होता आणि त्याच्यावर जाड साय धरली होती. तिनं तो उचलून बाजूला ठेवला, आणि त्याच्या जागी गरम चहा ठेवला.